दोन गावं, एक रस्ता, एक तार

मुंबई शहरात राहणाऱ्यांच्या घरी विजेचं बिल 'बेस्ट'चं येतं आणि खाली रस्त्यावर बसही 'बेस्ट'चीच थांबते. वीज विकणाऱ्यानं बस का चालवावी, हा प्रश्न लहानपणी पडतो आणि मोठेपणी आपण तो विसरून जातो. उत्तर त्या नावातच आहे. 1905 साली ही कंपनी स्थापन झाली तेव्हा तिचं नाव 'बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी' होतं; 'बेस्ट'मधला 'टी' म्हणजे ट्रामवेज. 7 मे 1907 ला मुंबईत विजेवरची पहिली ट्राम धावली आणि 31 मार्च 1964 ला शेवटची. दादर टीटी म्हणताना आपण आजही 'ट्राम टर्मिनस' म्हणत असतो, हे बोलणाऱ्याच्या लक्षात असो वा नसो.

वीज आणि ट्राम यांची ही जोडी जगभर होती. मोठ्या शहरांबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय. मला मात्र छोट्या, एकमेकांना खेटून असलेल्या गावांच्या ट्रामचं जास्त अप्रूप वाटतं. मोठ्या शहरात ट्राम आली नसती तरी शहर वाढलंच असतं. दोन छोट्या गावांच्या मधून ट्राम गेली की त्या गावांचं पुढचं सगळं आयुष्य बदलतं. हे समजून घ्यायला कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांतातली एक जोडी फार उपयोगी आहे: वॉटर्लू आणि बर्लिन. हो, बर्लिनच. आज त्याला किचनर म्हणतात. त्या नावाकडे पुढे येऊ.

टोरांटोच्या पश्चिमेला साधारण शंभर किलोमीटरवर ही गावं आहेत. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातून आलेली मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाची कुटुंबं आणि नंतर थेट जर्मनीतून आलेले कारागीर यांनी ती वसवली, म्हणून बर्लिन हे नाव. 1901 च्या जनगणनेत बर्लिनची वस्ती दहा हजारांच्या आत होती आणि वॉटर्लूची साडेतीन हजारांच्या आसपास. आपल्याकडच्या हिशेबानं एक लहानसं तालुक्याचं गाव आणि शेजारी एक मोठं खेडं. दोन्ही गावांच्या मुख्य चौकांत अंतर जेमतेम तीन किलोमीटर, आणि त्यांना जोडणारा रस्ता एकच, किंग स्ट्रीट.

बर्लिनमध्ये कातडं कमावण्याचे, फर्निचरचे, बुटांचे आणि बटणांचे कारखाने होते. वॉटर्लूत विमा कंपन्यांची कार्यालयं आणि दारूची मोठी भट्टी. घर एका गावात आणि काम दुसऱ्यात, असं असणाऱ्या माणसाला तीन किलोमीटर चालणं अवघड नाही. पण ऑन्टारियोच्या हिवाळ्यात, गुडघाभर बर्फातून, अंधारात, दिवसातून दोनदा ते चालायचं म्हटलं की अंतर वाढतं.

म्हणून 1886 मध्ये दोन गावांमधल्या ट्रामसाठी कंपनी स्थापन झाली आणि त्या दशकाच्या अखेरीस किंग स्ट्रीटवर घोड्यांची ट्राम सुरू झाली. रस्त्यात लोखंडी रूळ, त्यावर छोटा डबा, पुढे घोडे. रूळ कशासाठी? गुळगुळीत लोखंडावर लोखंडी चाकाला फार कमी अडथळा होतो. ज्या ओझ्यासाठी खडबडीत रस्त्यावर चार घोडे लागतील, ते रुळांवर एक-दोन घोडे ओढतात.

पण घोडा हा महाग प्राणी आहे. डबा दिवसभर चालतो, घोडा मात्र चार-पाच तासांतच थकतो. एका डब्यामागे घोड्यांचा तांडाच पोसावा लागतो आणि ते घोडे उभे असले तरी खातात. त्यात आजारपण. 1872 मध्ये घोड्यांच्या तापाची एक मोठी साथ टोरांटोच्या परिसरातच सुरू झाली आणि काही महिन्यांत सगळ्या उत्तर अमेरिकेत पसरली. शहराशहरांतल्या ट्राम उभ्या राहिल्या, काही ठिकाणी तर माणसांनी गाड्या ओढल्या. तेव्हापासून ट्रामवाले घोड्याला पर्याय शोधत होते.

तो पर्याय 1880 च्या दशकात सापडला. बेल्जियममध्ये जन्मलेल्या चार्ल्स व्हॅन डेपूल यांनी टोरांटोच्या प्रदर्शनात डोक्यावरच्या तारेतून वीज घेणारी गाडी चालवून दाखवली. 1886 मध्ये ऑन्टारियोतल्याच विंडसर गावात विजेची ट्राम धावली. मग फेब्रुवारी 1888 मध्ये अमेरिकेतल्या रिचमंड शहरात फ्रँक स्प्रेग यांनी संपूर्ण शहराची ट्रामव्यवस्था विजेवर चालवली, तीही डोंगराळ चढउतारांच्या शहरात. तिथे जमलं म्हणजे कुठेही जमेल, अशी सगळ्यांची खात्री पटली. बर्लिन-वॉटर्लूची घोड्यांची ट्राम 1895 मध्ये विजेवर गेली.

आता ही ट्राम चालते कशी ते नीट बघू. पुढचा सगळा इतिहास, तिचं येणं आणि तिचं जाणंही, या यंत्रणेतच दडलेला आहे.

गावातल्या वीजघरात कोळसा जाळून वाफ करायची, वाफेच्या इंजिनानं डायनॅमो फिरवायचा. त्यातून साधारण 500 ते 600 व्होल्टची एकाच दिशेनं वाहणारी वीज निघते. ती रस्त्याच्या मधोमध, खांबांना आडव्या तारा बांधून टांगलेल्या तांब्याच्या उघड्या तारेत सोडायची. ट्रामच्या टपावर एक लांब दांडा असतो. त्याच्या बुडाशी स्प्रिंगा असतात, त्या दांड्याला सतत वर दाबतात. दांड्याच्या टोकाला खाच असलेलं छोटं चाक असतं, ते तारेखालून घरंगळत जातं. वीज दांड्यातून खाली येते, मोटरमनच्या हातातल्या कंट्रोलरमधून जाते, चाकांजवळच्या मोटरांत शिरते आणि मोटर फिरवून लोखंडी चाकांवाटे रुळांत उतरते. रूळ तिला परत वीजघरापर्यंत पोचवतात.

म्हणजे रूळ दोन कामं करतात. चाकांना वाट देतात आणि विजेला परतीचा मार्ग देतात. घरातल्या दिव्याला दोन वायरी लागतात तशाच ट्रामलाही लागतात. फक्त दुसरी वायर म्हणजे पायाखालचे रूळ. हे ध्यानात ठेवा, शेवटाकडे त्याची गरज पडेल.

मग रुळावर पाय पडला तर धक्का का बसत नाही? रूळ जमिनीतच गाडलेले असतात, त्यामुळे रूळ आणि जमीन यांच्या विजेच्या दाबात (म्हणजे व्होल्टमध्ये) फरक जवळजवळ नसतो. डोक्यावरच्या तारेत आणि जमिनीत 500 व्होल्टचा फरक असतो, म्हणून ती तार माणसाच्या हाताला लागणार नाही इतकी उंच ठेवायची. तरी थोडी गळती व्हायचीच. रुळांच्या दोन तुकड्यांमधला सांधा सैल झाला की वीज रुळातून जाण्याऐवजी जमिनीतून, आणि जवळ पाण्याचा लोखंडी नळ असेल तर त्या नळातून वाट काढायची. जिथून ती नळाबाहेर पडते तिथे नळ हळूहळू कुरतडला जातो. त्यामुळे ट्रामवाले आणि पाणीपुरवठावाले यांची अनेक शहरांत वर्षानुवर्षं भांडणं चालली. सांध्यांवर तांब्याचे पट्टे जोडणं हा त्यावरचा इलाज होता.

मोटरीची गंमत अशी की ती थांबलेली असतानाच सर्वांत जास्त जोर लावते. बैल जसा चिखलात रुतलेली गाडी काढताना सगळं अंग झोकून देतो आणि गाडी निघाली की सैल पडतो, तसं. ट्रामला हेच हवं असतं, कारण तिला दर दोनशे पावलांवर थांबून पुन्हा निघायचं असतं. पण थांबलेल्या मोटरीत पूर्ण दाबाची वीज एकदम सोडली तर ती जळेल. मग मोटरमन काय करतो? दिवाळीची जुनी माळ आठवा. एकामागे एक जोडलेले छोटे दिवे असतात, भिंतीतल्या दाबाचा थोडाथोडा वाटा प्रत्येकाला मिळतो. ट्राम निघताना तिच्या दोन मोटरी अशाच एकामागे एक जोडल्या जातात, प्रत्येकीला निम्मा दाब. गाडीनं वेग घेतला की मोटरमन दांडी पुढे सरकवतो आणि त्याच मोटरी घरातल्या दिव्यांसारख्या शेजारीशेजारी जोडल्या जातात, प्रत्येकीला पूर्ण दाब. मधल्या पायऱ्यांवर जादा वीज रोधकांत उष्णता होऊन जाते. जुन्या ट्राममध्ये मोटरमनसमोर जी पितळी दांडी दिसते, ती इतकं सगळं काम करते.

शेवटच्या थांब्यावर घोड्यांच्या काळी घोडे सोडून दुसऱ्या टोकाला जुंपायचे. विजेच्या ट्राममध्ये कंडक्टर खाली उतरून दोरी ओढायचा, दांडा तारेवरून सोडवायचा आणि गाडीभोवती अर्धी फेरी मारून उलट्या बाजूला लावायचा. दांडा नेहमी गाडीच्या मागे झुकलेला हवा, नाहीतर तो तारेतून निसटतो. लहान गावांत बहुधा एकच रूळजोडी असायची आणि मध्ये कुठेतरी बाजूला फाटा. समोरून येणारी ट्राम त्या फाट्यावर येईपर्यंत आपली थांबून राहायची. म्हणून एक गाडी उशिरा आली की दोन्ही गावांची घड्याळं बिघडायची.

तर आता बेस्टचा प्रश्न. वीजघरवाले ट्रामच्या मागे का लागले?

त्या काळात विजेचा मुख्य उपयोग दिवे लावणं हाच होता. दिवे लागतात संध्याकाळी. लाखमोलाचा डायनॅमो सूर्य मावळेपर्यंत नुसता बसून राहायचा. वीज साठवून ठेवता येत नव्हती, जेव्हा लागेल तेव्हाच तयार करायची. भांडवलावरचं व्याज मात्र चोवीस तास चढत राहतं. ट्राम दिवसा धावते: सकाळी कामगार, दुपारी बाजारहाट करणाऱ्या बायका, संध्याकाळी परतणारे. ट्राम म्हणजे त्या रिकाम्या डायनॅमोला मिळालेलं दिवसाचं काम होतं. आणि रविवारी, कारखाने बंद असताना? त्यासाठी उत्तर अमेरिकेतल्या किती तरी ट्रामकंपन्यांनी मार्गाच्या टोकाला बागा, नदीकाठची सहलीची जागा, वाद्यवृंदाचा मंडप उभारला. माणसांना बागेची ओढ होती, कंपनीला तिकिटाची.

माझ्या मते छोट्या जोडगावांच्या ट्रामचं मर्म इथे आहे. एकट्या बर्लिनला विजेची ट्राम परवडली नसती, एकट्या वॉटर्लूला तर नाहीच. दोन्हीकडे गर्दी असलेला तीन किलोमीटरचा रस्ता होता म्हणून गाडी जाताना भरलेली आणि येतानाही भरलेली असे. मोठ्या शहरात सकाळी सगळे मध्याकडे जातात आणि गाड्या रिकाम्या परततात. जोडगावांत दोन्ही टोकं 'मध्य' असतात.

बर्लिनकरांनी मग एक पाऊल पुढे टाकलं. विसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात गावानं आधी वीज आणि गॅसचा कारभार, आणि पुढे ट्रामही कंपनीकडून स्वतःकडे घेतली. ऑन्टारियोत ट्रामकंपनीला रस्ता वापरायची परवानगी जास्तीत जास्त 20 वर्षांची देता येत असे, म्हणून गावांच्या हाती ही संधी यायचीच. मुंबईला हेच करायला ऑगस्ट 1947 उजाडावा लागला. फरक इतकाच की बर्लिननं विकत घेतलेली ट्राम शेजारच्या वॉटर्लूच्या रस्त्यांवरूनही धावत होती. एका गावाची गाडी, दुसऱ्या गावाचा रस्ता. तिकीट किती, बर्फ कुणी काढायचा, रुळांमधला रस्ता कुणी दुरुस्त करायचा, अशा प्रत्येक बाबीत शेजाऱ्याशी बोलल्याशिवाय पान हलणार नाही, अशी ही मांडणी होती.

वीज कुठून आणायची हाही प्रश्न होताच. ऑन्टारियोत कोळसा नाही, तो अमेरिकेतून यायचा. पण सव्वाशे किलोमीटरच्या आत नायगाऱ्याचा धबधबा होता. बर्लिनचे व्यापारी डॅनियल डेटवाइलर आणि शेजारच्या सेंट जेकब्सचे गिरणीमालक ई. डब्ल्यू. बी. स्नायडर यांनी ही कल्पना उचलून धरली की नायगाऱ्याची वीज खासगी कंपन्यांच्या हाती न जाता गावांनी एकत्र येऊन आणावी. डेटवाइलर सायकलवरून गावोगाव फिरून लोकांना पटवत राहिले. पुढे जवळच्याच बाडेन गावात जन्मलेले अ‍ॅडम बेक या चळवळीचे नेते झाले आणि 1906 मध्ये प्रांतानं सार्वजनिक वीज आयोग स्थापन केला. 11 ऑक्टोबर 1910 ला बर्लिनमध्ये कळ दाबली गेली आणि नायगाऱ्याची वीज समारंभपूर्वक गावात आली. टोरांटोत नव्हे, हॅमिल्टनमध्ये नव्हे, पंधरा हजार वस्तीच्या बर्लिनमध्ये. ज्यांनी सायकल मारत ही वीज मागितली होती त्यांच्याच गावाला तो मान मिळाला, हे वाचताना मला दरवेळी बरं वाटतं.

नायगाऱ्याची वीज 1,10,000 व्होल्टनं यायची आणि ती उलटसुलट दिशेनं वाहणारी, सेकंदाला 25 आवर्तनांची होती. ट्रामला एकाच दिशेची 600 व्होल्टची लागते. त्यामुळे मध्ये फिरती परिवर्तक यंत्रं बसवावी लागत. एवढा खटाटोप कशाला? वीज लांब न्यायची तर दाब जास्त हवा, नाहीतर तारेतच तिची उष्णता होऊन ती संपते. लांब पल्ल्याला उच्च दाब, रस्त्यावर कमी दाब आणि दोन्हींच्या मध्ये परिवर्तक, ही रचना आपल्या लोकल गाड्यांमागेही आहे.

या भागातली विजेची पहिली गाडी मात्र बर्लिन-वॉटर्लूची नव्हती. त्यांच्या दक्षिणेला ग्रँड नदीच्या खोऱ्यात गॉल्ट, प्रेस्टन आणि हेस्पेलर अशी तीन गावं होती. गॉल्ट ते प्रेस्टन ही विजेची गाडी 1894 मध्येच सुरू झाली होती आणि पुढे ती हेस्पेलरपर्यंत गेली. प्रेस्टनला गंधकयुक्त पाण्याचे झरे होते. संधिवाताचे रुग्ण आणि हवापालटाला येणारे पाहुणे तिथल्या हॉटेलांत उतरायचे, ते या गाडीचे हक्काचे प्रवासी. पुढे प्रेस्टनहून बर्लिनपर्यंत रूळ आले आणि एका नदीखोऱ्यातली पाच गावं तारेनं जोडली गेली.

ही गाडी ट्रामपेक्षा थोडी वेगळी होती. गावात ती रस्त्यावरून ट्रामसारखी हळू चालायची, गावाबाहेर पडली की शेतांमधून स्वतःच्या रुळांवरून आगगाडीसारखी सुटायची. अशा गाड्यांना ऑन्टारियोत 'रेडियल' म्हणत. कॅनेडियन पॅसिफिक या मोठ्या रेल्वेनं लवकरच या मार्गाचा ताबा घेतला. त्यांना प्रवाशांपेक्षा कारखान्यांच्या मालात रस होता: रेडियलच्या रुळांवरून मालाचे डबे थेट कारखान्याच्या फाटकापर्यंत जात. याच मालामुळे ही लाइन बर्लिन-वॉटर्लूच्या ट्रामपेक्षा जास्त जगली. ग्रँड रिव्हर रेल्वे या नावानं तिची प्रवासी गाडी 1955 पर्यंत धावत होती. माल असला की रूळ टिकतात, हे गणित तेव्हाही होतं आणि आजही आहे.

अ‍ॅडम बेक यांना सगळा दक्षिण ऑन्टारियो अशा सार्वजनिक मालकीच्या रेडियल गाड्यांनी विणायचा होता. वीज गावांची, मग गाड्याही गावांच्या. पण तोवर मोटारी आल्या होत्या आणि सरकार पक्क्या रस्त्यांवर पैसा ओतत होतं. 1921 मध्ये चौकशी आयोगानं या योजनेविरुद्ध कौल दिला आणि ती तिथेच थांबली. मला बेक यांचा आग्रह चुकीचा वाटत नाही. वीस वर्षं आधी मांडला असता तर कदाचित तो प्रदेश आज वेगळा दिसला असता.

शेजारच्या गावांना ट्राम जोडते तशी ती त्यांच्या भांडणाचं हत्यारही होऊ शकते. ऑन्टारियोच्याच वायव्येला, सुपीरियर सरोवराच्या काठी, पोर्ट आर्थर आणि फोर्ट विल्यम ही दोन बंदरगावं होती. पोर्ट आर्थरनं थकलेल्या करापोटी कॅनेडियन पॅसिफिकचं इंजिन जप्त केलं आणि रेल्वेनं आपला कारभार शेजारच्या फोर्ट विल्यमला हलवला. गावातली माणसं आणि नोकऱ्या हातच्या जाणार असं दिसल्यावर पोर्ट आर्थरच्या नगरपालिकेनं 1892 मध्ये स्वतःच्या खर्चानं फोर्ट विल्यमपर्यंत विजेची ट्राम टाकली. रेल्वेत काम करणाऱ्यानं पगार तिकडे घ्यावा, पण राहायला आणि खरेदीला इकडे यावं, असा तो डाव होता. नगरपालिकेनं स्वतः उभारून चालवलेली विजेची ट्राम म्हणून जगातल्या अगदी पहिल्यांमध्ये ती मोजली जाते. प्रदर्शनातली गाडी सोडली तर टोरांटोच्या रस्त्यांवरची पहिली विजेची ट्रामही त्याच वर्षीची, यावरून या छोट्या गावाची तडफ लक्षात येईल. ही दोन गावं भांडत भांडत 1970 मध्ये एक झाली; आज त्यांना थंडर बे म्हणतात.

आता बर्लिनच्या नावाकडे. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश साम्राज्यातल्या एका गावाचं नाव बर्लिन असणं जड जाऊ लागलं. मे 1916 मध्ये नाव बदलायचं की नाही यावर मतदान झालं: बदलावं म्हणणारे 1,569, नको म्हणणारे 1,488. फक्त 81 मतांचा फरक. मग नवं नाव कोणतं यावर पुन्हा मतदान झालं, तेव्हा बहुतेक लोक घरीच बसले आणि 346 मतं मिळालेलं 'किचनर' हे नाव 1 सप्टेंबर 1916 पासून लागलं. हे तेच लॉर्ड किचनर, 1902 ते 1909 भारताचे सरसेनापती असलेले. त्याच जूनमध्ये त्यांची बोट बुडून ते गेले होते. ज्या कारागिरांच्या आज्यापणज्यांनी गावाला बर्लिन म्हटलं त्यांच्यावर हे वर्ष काय गुजरलं असेल, ते त्या मतांच्या आकड्यांतच दिसतं. ट्राम त्याच रस्त्यावरून, त्याच दोन चौकांमध्ये जात राहिली. फक्त एका टोकाची पाटी बदलली.

ट्राम मेली कशी? अमेरिकेतल्या ट्रामबद्दल बोलताना लोक हमखास मोटार आणि टायर कंपन्यांच्या कटाची गोष्ट सांगतात. त्या गोष्टीला आधार आहे: एका बसकंपनीसमूहाला बस आणि सुटे भाग विकण्याची मक्तेदारी करण्याचा कट रचल्याबद्दल 1949 मध्ये काही कंपन्या अमेरिकेत दोषी ठरल्या. पण किचनरची ट्राम नगरपालिकेच्या मालकीची होती, तिला विकत घेऊन बंद पाडायला कुणी आलं नाही. तरीही ती गेली. म्हणून किचनरचं उदाहरण मला जास्त शिकवतं.

पहिलं कारण तिकीट. उत्तर अमेरिकेत ट्रामचं तिकीट म्हणजे पाच सेंट हे लोकांच्या मनात इतकं पक्कं बसलं होतं की ते वाढवणं म्हणजे राजकीय आत्मघात. पहिल्या महायुद्धात मजुरी, तांबं, लोखंड सगळं महागलं, तिकीट तिथेच अडकलं. दुसरं, रुळांची झीज. रूळ आणि तार हा एकदाच करायचा खर्च वाटतो, पण पंचवीस-तीस वर्षांनी रस्ता उखडून सगळं नव्यानं घालावं लागतं. बससाठी असा ढीगभर पैसा एकदम लागत नाही. रस्ता सरकार बांधतं आणि त्याचा खर्च बसच्या हिशेबात दिसतच नाही. तिसरं म्हणजे अनेक शहरांत करारानं ट्रामवाल्यांना रुळांमधला आणि रुळांलगतचा रस्ता दुरुस्त ठेवावा लागे. ही अट घोड्यांच्या काळातली, कारण घोड्यांच्या टापांनी रस्ता उखडायचा. घोडे गेले, अट राहिली. मग त्या नीट ठेवलेल्या पट्ट्यावरून मोटारी धावायच्या आणि त्यांच्या गर्दीत ट्राम अडकायची. जिथे ट्राम आणि रस्ता दोन्ही नगरपालिकेचेच, तिथेही खर्च एका खिशातून दुसऱ्यात जायचा एवढंच, आणि तोटा मात्र ट्रामच्या वहीत लिहिला जायचा.

किचनरमध्ये तर टायरचे मोठे कारखानेच उभे राहिले होते. सकाळच्या ट्राममधून उतरून माणसं तिथे कामाला जात.

दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल आणि टायरांवर नियंत्रण आलं आणि ट्राम पुन्हा तुडुंब भरल्या. कमाई झाली, पण दुरुस्तीला ना माणसं होती ना सुटे भाग. युद्ध संपलं तेव्हा डबे आणि रूळ पार झिजलेले होते. नवं घालायचं की सोडायचं, एवढाच प्रश्न उरला. डिसेंबर 1946 मध्ये किंग स्ट्रीटवरची ट्राम थांबली.

तरी किचनरनं वीज सोडली नाही. 1 जानेवारी 1947 ला त्याच रस्त्यावर ट्रॉलीबस सुरू झाल्या: रबरी टायरांच्या बसगाड्या, पण डोक्यावर दांडे आणि वर तारा. इथे मघाशी ध्यानात ठेवायला सांगितलेली गोष्ट काढा. ट्रामच्या तारेतून आलेली वीज रुळांतून परत जायची. बसला रूळ नाहीत आणि रबरातून वीज जात नाही. म्हणून ट्रॉलीबसला डोक्यावर दोन तारा आणि टपावर दोन दांडे लागतात, एक येणाऱ्या विजेसाठी, एक जाणाऱ्या. खाली उखडलेला रूळ असा वर तार होऊन गेला. फायदा उघड होता. गावाची स्वतःची, नायगाऱ्याची स्वस्त वीज वापरता येत होती, रुळांचा खर्च वाचत होता आणि उभ्या मोटारीला वळसा घालून बस पुढे जाऊ शकत होती. माझ्या मते त्या परिस्थितीत तो शहाणपणाचा निर्णय होता. पोर्ट आर्थर आणि फोर्ट विल्यमनंही त्याच सुमाराला हेच केलं.

ट्रॉलीबस 1973 मध्ये बंद झाल्या. त्याच वर्षी गॉल्ट, प्रेस्टन आणि हेस्पेलर यांचं मिळून केंब्रिज नावाचं शहर झालं आणि सगळ्या भागासाठी वॉटर्लू प्रादेशिक पालिका आली. कारभार एक व्हायला आणि शेवटची तार उतरायला एकच वर्ष लागावं, याचं वाईट वाटतं. कारण पाचही गावांची गाडी एका हाताखाली चालवण्याची सोय पहिल्यांदा तेव्हाच झाली होती.

पुढची जवळजवळ पन्नास वर्षं डिझेल बसची. त्या काळात विद्यापीठं वाढली, सॉफ्टवेअर कंपन्या आल्या, भारतातून शिकायला येणाऱ्या मुलांत मराठी मुलंही आली. शहर चोहीकडे शेतांवर पसरत होतं आणि पसरणं थांबवायचं तर लोकांना मध्यभागी राहावंसं वाटेल अशी भरवशाची गाडी हवी, असा विचार मूळ धरू लागला. बस उद्या दुसरीकडून जाऊ शकते. रूळ हलत नाहीत, म्हणून रुळांशेजारी घर बांधायला माणूस धजावतो. बर्लिनच्या घोड्यांच्या ट्रामच्या वेळीही हेच खरं होतं. बरेच वाद झाले, निवडणुका त्यावर लढल्या गेल्या, आणि शेवटी 21 जून 2019 ला 'आयन' नावाची विजेची हलकी रेल्वे सुरू झाली. आयन म्हणजे विद्युतभार असलेला, सतत हलणारा कण. मार्ग 19 किलोमीटरचा, तारेत 750 व्होल्ट. टपावर आता एकटा दांडा नाही, घडी घालता येणारी चौकट आहे. ती तारेतून निसटत नाही आणि शेवटच्या थांब्यावर कुणाला दोरी ओढत फिरावं लागत नाही. परतीची वीज मात्र अजूनही रुळांतूनच जाते.

वॉटर्लू आणि किचनरच्या मधल्या पट्ट्यात ही गाडी किंग स्ट्रीटवरूनच धावते. तिच्यासाठी 2016 मध्ये वॉटर्लूत हा रस्ता खणला तेव्हा खाली आडव्या ओंडक्यांचा रस्ता सापडला. दलदलीत बैलगाड्या रुतू नयेत म्हणून झाडं तोडून, ओंडके एकमेकांना लावून केलेला, सुमारे दोनशे वर्षांपूर्वीचा. काम थांबलं, पुरातत्त्ववाल्यांनी नोंद केली, मग ओंडके काढले. आधी ओंडके, मग घोड्यांचे रूळ, विजेचे रूळ, डांबर, पुन्हा रूळ. दोन गावांमधली वाट तीच.

1894 मध्ये जिथून या भागातली पहिली विजेची गाडी निघाली, त्या गॉल्टपर्यंत आयन अजून पोचलेली नाही. किचनरच्या दक्षिण टोकाला फेअरवे नावाच्या स्थानकावर रूळ संपतात. केंब्रिजच्या माणसाला तिथे उतरून बस पकडावी लागते. पुढच्या टप्प्यात रूळ केंब्रिजपर्यंत न्यायचं ठरलेलं आहे.